घराचा घास

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, ही म्हण आपल्याकडं लहान पोरालाही पाठ असते. म्हण खोटी नाही. दोन्ही कामांत माणसाचं कंबरडं मोडतं. पण मला तिच्यात एक गोष्ट कमी वाटत आली आहे. लग्न झालं की पुढं संसार करावा लागतो, हे सांगणारे शंभर जण भेटतात. घर बांधलं की पुढं ते राखावं लागतं, हे सांगणारा वास्तुशांतीच्या पंगतीत एकही भेटत नाही.

मी शेतकरी माणूस, दहावीपर्यंत शिकलेला. मोठ्या शब्दांच्या वाटेला मी जात नाही. पण साठी उलटल्यापासून एक सवाल डोक्यात ठाण मांडून बसलाय. घर राखायचं देणं कुणाचं? ज्यानं बांधलं त्याचं, जो आज त्यात राहतो त्याचं, का ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर ज्याचं नाव आहे त्याचं? आणि ज्याचं देणं आहे त्यानं ते दिलं नाही, तर ते फिटतं कुणाकडून?

मांजरसुंब्याच्या चौकात उभं राहिलं की चार रस्ते फुटतात. एक घाट उतरून बीडला, एक चौसाळ्यावरून सोलापूरकडं, एक पाटोद्यावरून नगरकडं आणि एक नेकनूर-केजवरून अंबाजोगाईला. या चारी रस्त्यांच्या कडेला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरं उभी राहिली. पोपटी, गुलाबी, निळी. कुणाच्या कठड्यावर सिमेंटचे मोर, कुणाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचा फुटबॉल. नव्या घराच्या मालकाला येणारा-जाणारा विचारतो, ‘‘किती लागले?’’ तोही छाती काढून आकडा सांगतो. पण राखायला वर्षाला किती लागतात, हे त्याला कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. तो आकडा त्यालाही ठाऊक नसतो.

माझ्या लहानपणी हा आकडा सगळ्यांना ठाऊक होता, फक्त तो रुपयात नव्हता. आमचं घर माळवदाचं. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर काटक्या आणि पाला, आणि सगळ्यात वर मातीचा थर. ही माती शेतातली काळी नसायची. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. म्हणून जुन्या गावठाणाची पांढरी माती आणायची. ती पाणी लवकर आत घेत नाही.

मृग तोंडावर आला की दादा आणि चुलते माळवदावर चढायचे. उंदरांची बिळं बुजवायची, गवताची मुळं उपटायची, पन्हाळ मोकळं करायचं, वर पांढरी माती पसरून चोपायची. खाली आई आणि चुलती शेणामातीनं भिंती लिंपायच्या, पोतेरा द्यायच्या. आम्ही पोरं टोपल्या वाहायचो. सुतार येऊन खांबाचा पाया बघायचा, वाळवी लागली असली तर तेवढा तुकडा बदलायचा. त्याला सुगीला बलुतं मिळायचंच. रोख पैसा फारसा कुठं जात नव्हता. जात होता तो अंगातला घाम आणि वर्षाचे आठ-दहा दिवस.

दादा याला काम म्हणत नसत. ते म्हणायचे, ‘‘गाईला घास काढतो का नाही आपण? बैलाला पेंड घालतो का नाही? घराचा बी घास असतो, बाबा. त्यानं मागायच्या आधी द्यावा. मागितला म्हंजे लई मागतं.’’

आता तुम्ही म्हणाल, हा म्हातारा जुनं ते सोनं म्हणायला निघाला. तसं नाही. त्याच माळवदानं काय केलं, ते आपण १९९३ साली बघितलं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवलेले. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीला जमीन हादरली. आमच्याकडंही भांडी वाजली, पण आम्ही वाचलो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं झोपेत गेली. त्यांना मारलं ते घरांनी. भिंती गोल दगडांच्या आणि मातीच्या. आतला थर आणि बाहेरचा थर सांधणारा आरपार दगड भिंतीत नाही. आणि डोक्यावर मातीचं ओझं. कित्येक ठिकाणी हा थर दीड-दोन फुटांवर गेलेला होता, कारण दरवर्षी नवी माती चढत होती आणि जुनी कुणी खाली काढत नव्हतं.

ही गोष्ट मला आजही सुन्न करते. आळशी माणसाचं घर पडलं असतं तर समजलं असतं. इथं ज्यांनी वर्षानुवर्षं न चुकता घर राखलं, त्यांच्याच डोक्यावर ते राखणं येऊन पडलं. त्यात त्यांचा गुन्हा नव्हता. बापानं केलं तसं त्यांनी केलं. पण त्यातून शिकायचं ते हे, की राखणं म्हणजे नुसती रीत पाळणं नव्हे. आपण जे करतो त्यानं घराचं काय होतंय, हे वर्षातून एकदा डोळे उघडून बघावं लागतं. नवी माती टाकायच्या आधी जुनी किती साचली, ते मोजावं लागतं.

भूकंपानंतर सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं मोठं काम काढलं. ५२ गावं नव्या जागी वसवली. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत, तेरा जिल्ह्यांत, जागच्या जागी घर दुरुस्त करायला आणि मजबूत करायला पैसे दिले. माळवदावरचं ओझं कमी करा, भिंतीत सांधणारे दगड घाला, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवा, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके आधार द्या, असं शिकवलं. गावोगावी बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या आणि लोकांना समजावून सांगत फिरल्या. काम चांगलं होतं. तरी बऱ्याच लोकांनी त्या पैशात जुनं घर मजबूत करण्यापेक्षा शेजारी एक नवी खोली काढणं पसंत केलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्या माळवदानं माणसं गिळली त्याखाली परत झोपायला कुणाचं मन होईल? पण माणसाचा स्वभावही त्यात दिसतो. हातात पैसा आला की नवं उभं करावंसं वाटतं. जुनं सावरायला हात वळत नाही.

मग स्लॅब आला. लोकांना वाटलं, सुटलो. आता माती नको, चोपणं नको, सारवण नको. बायकांना तर खरंच सुटका वाटली, आणि ती खरी होती. गड्यानं वर्षातून आठ दिवस माळवद बघितलं असेल, पण बाईनं आठवड्याच्या आठवड्याला ते घर शेणानं सारवलं होतं. घर कुणी बांधलं ते सगळे सांगतात. कुणी राखलं ते कुणी सांगत नाही, कारण राखणारीचा हात रोज लागत असतो आणि रोजची गोष्ट कुणाच्या डोळ्यात भरत नाही. बीडजवळची खजाना विहीर बघा. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात ती बांधली, सलाबतखानाचं नाव सांगतात. तेव्हापासून त्या विहिरीच्या पाटातला गाळ कुणी-कुणी उपसला, त्यातलं एक नाव सांगा म्हणावं.

तर स्लॅब. स्लॅबलाही घास लागतो, पण तो माळवदासारखा ओरडून मागत नाही. माळवद गळायचं ते पहिल्याच पावसात, थेट चुलीवर. स्लॅब गप्प राहतो. पाणी बारीक चिरेतून आत जातं, आतल्या सळईला गंज चढतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचं सिमेंट ढकलून पाडतं. आपल्याला खालून ओल दिसते, तोवर आत कितीतरी दिवसांचं काम होऊन गेलेलं असतं. एक दिवस छताचा पोपडा सुटतो आणि तांबडी सळई दिसते.

आमच्या भागात तर स्लॅब जन्मालाच तहानलेला येतो. बांधकामं निघतात ती उन्हाळ्यात. ऊसतोडीवरून माणसं पाडव्याच्या पुढं-मागं परत येतात, हातात चार पैसे असतात, पावसाच्या आत घर उभं करायचं असतं. आणि नेमकं तेव्हा हिरीला पाणी नसतं. स्लॅब टाकल्यावर त्यावर मातीचे वाफे करून कमीत कमी सात ते दहा दिवस पाणी कोंडून ठेवावं लागतं. आपल्या उन्हात तर चौदा दिवस बरं. पण जिथं प्यायला टँकर, तिथं सिमेंटला पाणी कोण पाजणार? चार दिवस कसंबसं पाणी मारतात आणि सोडून देतात. दिसायला तो स्लॅब दुसऱ्यासारखाच दिसतो. दहा-पंधरा वर्षांनी फरक कळतो.

आमच्या शेजारच्या वाडीवर असंच एक घर आहे. नाव सांगत नाही, कारण अशी घरं वाडीवाडीवर आहेत. बापाला घरकुल मंजूर झालं. मंजूर घर लहान, एक खोली आणि स्वयंपाकाची जागा. बाप म्हणाला, हयात पत्र्यात गेली, आता बांधायचंच तर पोरांना पुरंल असं बांधू. बैलजोडी विकली, वरून व्याजानं काढलं आणि तीन खोल्या, वर स्लॅब असं घर उभं केलं. मे महिना होता. पाण्याचा टँकर विकत. चार दिवस पाणी मारलं. त्यानंतर पंधरा वर्षं त्या गच्चीवर लोक चढले ते कडबा रचायला आणि मिरच्या वाळवायला.

दोन वर्षांमागं भाकरी थापताना सुनेच्या काठवटीत छताचा ढेप पडला. देवाची कृपा, डोक्यात पडला नाही. गवंड्यानं बघून नव्वद हजार सांगितले. सळया साफ करायच्या, गंज मारायचा, नवा गिलावा, वरून कोबा. घरात नव्वद हजार नव्हते. मग पोरानं मुकादमाकडून कोयत्याची उचल घेतली. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, हे शहरातल्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आधी पैसे घ्यायचे, मग सहा महिने ऊस तोडून फेडायचे. त्या वर्षी ती दोघं पहिल्यांदाच फडावर गेली. बारका पोरगा सांभाळायला सातवीतली पोरगी बरोबर नेली. पोरगी हुशार. दसऱ्यानंतर तिचं दप्तर खुंटीला लागलं.

पोरगा मला चौकात भेटला तेव्हा म्हणाला, ‘‘नाना, लोक म्हणत्यात बापानं घर दिलं. बापानं मला गळती दिली. त्येचं नाव झालं, फेडतोय मी.’’

मी त्याच्या बापाकडंही गेलो. म्हातारा ओसरीवर बसलेला. म्हणाला, ‘‘म्या आयुष्यभर पत्र्याखाली भाजलो. पोराला सावली दिली, ह्यात माझं काय वंगाळ झालं ते सांग.’’

दोघांचं ऐकून मी घरी आलो आणि कितीतरी दिवस तोच विचार करत राहिलो. कोण खरं? बापाचा हेतू सोन्यासारखा होता, त्यात शंका नाही. पण घर किती मोठं बांधायचं हे ठरवताना आपण फक्त आपला खर्च ठरवत नसतो. तीन खोल्यांचा स्लॅब टाकला, म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांच्या तीन खोल्यांच्या डागडुजीवर आपण दुसऱ्याच्या नावानं अंगठा उठवला. तो दुसरा त्या वेळी शेजारी गोट्या खेळत असतो. त्याला कुणी विचारत नाही, आणि विचारता येणारही नाही. म्हणून बांधणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीनं त्यानंच विचार करायला पाहिजे.

पोराचंही सगळं खरं नाही. तो त्या सावलीत वाढला, त्याच छताखाली त्याचं लग्न लागलं, त्याला लेकरं झाली. बाप म्हातारा झाला, गुडघ्यानं जिना चढेना. तेव्हापासून गच्चीवर जायचं काम पोराचं होतं. पिंपळाचं बोटभर रोप कठड्याच्या फटीत उगवतं तेव्हा ते दोन बोटांनी निघतं. तीन वर्षांनी कुऱ्हाड लागते आणि कठडाही जातो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, तीनशे वर्षांमागं, तटावर वाढणारी झाडं वरचेवर कापून काढावीत असं बजावलंय. गडाच्या तटाला जे लागू, ते आपल्या कठड्यालाही लागू. ते रोप उपटायला बापाची परवानगीही लागत नव्हती आणि नव्वद हजारही लागत नव्हते.

पण बाप आणि लेक यांच्या वादात जिचं नावच निघत नाही, ती म्हणजे ती सातवीतली पोरगी. घर बांधताना ती जन्मलेली नव्हती. गच्चीवर चढायचं तिचं वय नव्हतं. घराच्या कागदावर तिचं नाव नाही, आणि लग्न होऊन ती जाणार दुसऱ्याच घरी. तरी त्या स्लॅबचं देणं तिनं फेडलं, एका वर्षाच्या शाळेनं. माझ्या सवालाचं उत्तर मला तिथं सापडलं. घराचं देणं कुणी दिलं नाही म्हणून ते बुडत नाही. ते वरून खाली सरकत जातं, पाण्यासारखं, आणि घरात जो सगळ्यात दुबळा असतो त्याच्याजवळ जाऊन साचतं.

शहरात हे वेगळं असेल असं मला वाटायचं. पुण्याला भाच्याकडं गेलो तेव्हा त्यानं सोसायटीचं बिल दाखवलं आणि कुरकुर केली, ‘‘मामा, फ्लॅटचे हप्ते भरतोच, वरून हे.’’ मी ते बिल नीट वाचलं. त्यात दोन रकमा होत्या, एक दुरुस्ती निधी आणि एक सिंकिंग फंड. मग त्यानं सांगितलं, की महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतच हे आहे. जमिनीची किंमत सोडून बांधकामाला जो खर्च आला, त्याच्या पाऊण टक्का दरवर्षी दुरुस्तीसाठी आणि निदान पाव टक्का पुढच्या मोठ्या कामासाठी काढायचा. म्हणजे वर्षाला एक टक्का. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांची झाली की दर तीन वर्षांनी तपासून घ्यायची, हेही त्यात आलं. मला ते फार आवडलं. दादांचा घराचा घास शहराच्या लोकांनी कागदावर लिहून ठेवला होता.

पण शहरानं हे सहजासहजी शिकलेलं नाही. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्यानं जुनी भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. गोरगरीब भाडेकरूला त्याचा आधार झाला. पण मालक म्हणू लागला, एवढ्या भाड्यात मी दुरुस्ती का करू? भाडेकरू म्हणाला, घर माझ्या नावावर नाही, मी का करू? दोघांचंही आपापल्या जागी बरोबर, आणि चाळींच्या भिंती पावसाळ्या-पावसाळ्याला कोसळत गेल्या. शेवटी १९६९ मध्ये सरकारला कायदा करून जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवावा लागला आणि त्यासाठी वेगळं मंडळ काढावं लागलं.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचं दुसरं काय झालं? पाच भावांचा वाडा. ढाळज सामाईक, मधली भिंत सामाईक. प्रत्येकाला वाटणी पाहिजे, पण सामाईक भिंतीची माती कुणी लावायची? थोरला म्हणतो धाकटा तिथं राहतो, धाकटा म्हणतो थोरल्यानं हिस्सा जास्त घेतला. भिंत कुणाचंच ऐकत बसत नाही. एका श्रावणात ती बसते. फायदा एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा अशी वाटणी झाली, की छपरावर कुणीच चढत नाही, मग ती मुंबई असो का मांजरसुंबा.

माझं स्वतःचं घर २००९ साली झालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओसरी. खर्च साडेचार लाख. एक टक्का वगैरे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. दादांचं बोलणं ठाऊक होतं. म्हणून पहिल्या वर्षापासून दसऱ्यानंतर सोयाबीन विकलं की एक क्विंटलचे पैसे घराच्या नावानं पोस्टात टाकत आलो. पुण्याहून आल्यावर हिशेब केला. साडेचार लाखांचा एक टक्का साडेचार हजार, आणि क्विंटलभर सोयाबीनही तेव्हा चार-साडेचार हजारांच्याच आसपास जात होतं. २०१५ च्या दुष्काळात क्विंटलभर सोयाबीनच झालं नाही, त्या वर्षी पोस्टात काही पडलं नाही. पण मृगाच्या आधी गच्ची झाडली, पाइप मोकळे केले. पैसा नव्हता म्हणून झाडू थांबला नाही. २०१९ मध्ये त्या खात्यातून कोबा करून घेतला, अठ्ठावीस हजार लागले. सावकाराचं दार बघावं लागलं नाही.

नवं घर झालेल्या माणसाला मी सांगतो ते एवढंच. मृगाच्या आधी एकदा गच्चीवर जा. पालापाचोळा झाड, पाण्याचे पाइप मोकळे कर, पिंपळ-उंबराचं रोप दिसलं की उपट, चीर दिसली की बुजव. कडबा, सरपण, विटा स्लॅबवर साठवू नको, त्याखाली ओल धरते. पहिला मोठा पाऊस झाला की घराभोवती फिर आणि पाणी कुठं साचतं ते बघ. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यानं जोतं हलतं आणि भिंतीला तिरक्या चिरा जातात. म्हणून पाया मुरमापर्यंत नेलेला असला तरी छपराचं आणि मोरीचं पाणी जोत्यापासून लांब काढ. पैसा थोडा असेल तर आधी छप्पर, मग पायाजवळचं पाणी, मग भिंत, आणि रंग सगळ्यात शेवटी. आपल्याकडं पोळ्याला किंवा लग्नाला रंग आधी होतो, हे उलटं आहे. सळई उघडी पडली असेल तर मात्र थांबू नको. तिथं बचत गटाचं किंवा बँकेचं कर्ज काढलं तरी चालंल. फरशी आणि मोरासाठी कर्ज काढणं आणि छपरासाठी काढणं यात फरक आहे. छपराचं कर्ज आज टाळलं तर उद्या ते मोठं होऊन येतं.

यावर एक जण मला म्हणाला, ‘‘ज्याच्या घरात संध्याकाळचं पीठ नाही, त्याला तुमचा एक टक्का काय कामाचा?’’ सवाल खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. १ लाख २० हजारांच्या घरकुलाचा एक टक्का होतो वर्षाला बाराशे, महिन्याला शंभर. कुणाला तो चहाचा खर्च वाटेल, कुणाला ते आठवड्याचं तेल-मीठ असेल. ज्याला जमत नाही त्याला उपदेश करणं हे पाप आहे असं मला वाटतं. प्रधानमंत्री आवास योजना २०१६ पासून चालू आहे, त्याआधी इंदिरा आवास होती. लाखो कुटुंबांना त्यातून डोक्यावर छप्पर मिळालं, हे मोठंच काम. पण ती मदत घर उभं करण्यापुरती. झालेलं घर दहा-पंधरा वर्षांनी सावरायला त्यात वेगळी रक्कम नाही. जे सरकार घर देतं, त्यानं त्या घराच्या घासाचाही विचार करावा, असं म्हणणं काही वावगं नाही.

तोवर गावानं काय करायचं? आपल्याकडं इर्जिक होती. एकाच्या शेतात सगळे मिळून राबायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. मृगाच्या आधी एक दिवस गल्लीतल्या चार पोरांनी मिळून गच्च्या साफ केल्या, तर त्याला पैसा लागत नाही. ज्या घरातली माणसं फडावर गेलीत आणि मागं फक्त म्हातारी आहे, तिच्या गच्चीवर तर आपणहून चढावं. दसऱ्यानंतर आमच्या चौकातून माणसांनी भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर जातात, तेव्हा त्यांच्या मागं सहा महिने बंद राहणारी किती घरं आहेत, हे आम्हाला दिसत असतं.

आता माझंही वय झालं. घर पोराच्या नावावर करायचं म्हणून कागद तयार करतोय. त्यात मी घराबरोबर पोस्टाचं ते खातंही लावणार आहे आणि एक वही, ज्यात कोणत्या साली काय केलं, कुठली चीर कधी बुजवली, पाण्याचा पाइप भिंतीतून कुठून गेलाय ते लिहिलंय. पोरगा म्हणाला, ‘‘खातं कशाला, अण्णा? मी बघीन की.’’ मी म्हणालो, ‘‘तू बघशीलच. पण मी त्यात सतरा वर्षं राहिलो. माझ्या राहण्याचं तुझ्यावर नको.’’ वही मात्र मी सुनेच्या हातात दिली. गेल्या वर्षी मृगाच्या आधी गच्चीवर तीच चढली होती, आणि तिच्या लेकीला पुढच्या वर्षी सातवीत जायचं आहे.